‘गुन्हा कबूल करा, दंड भरा, विषय संपला’: सात नियमांच्या मेसेजचा समाचार

‘कोर्टात केस लागली? घाबरू नका, हे सात नियम पाठ करा’ असा एक मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. खाली ‘एका ज्येष्ठ वकिलांकडून साभार’. कोण ज्येष्ठ, कुठल्या बारचे, याचा पत्ता नाही. एरवी दुर्लक्ष केलं असतं. पण नात्यातल्या एका मुलाला मारामारीच्या केसचं समन्स आलं आणि त्याच्या आईने हाच मेसेज पुढे करून विचारलं, ‘सातव्या नंबरचं करून टाकूया का?’ तेव्हा मात्र गप्प बसणं अवघड झालं. सुरुवात सातव्यापासूनच करतो, कारण बाकीच्या सहांनी मिळून होणार नाही एवढं नुकसान हा एकटा करेल.

सातवा नियम म्हणतो: ‘पहिल्याच तारखेला गुन्हा कबूल करा. हजार-पाचशे दंड होतो, विषय संपतो, वकिलाची फी वाचते.’

कोर्टात गुन्हा कबूल करणं म्हणजे दोषसिद्धी. दंड हजाराचा असो की शंभराचा, निकालपत्रात ‘दोषी’ हाच शब्द येतो. पुढे सरकारी नोकरीचा साक्षांकन फॉर्म भरताना ‘कधी शिक्षा झाली आहे का’ या रकान्यात ‘होय’ लिहावं लागतं. ‘नाही’ लिहिलं आणि पोलीस पडताळणीत सापडलं, तर माहिती दडवली म्हणून नोकरी जाऊ शकते, ते प्रकरण आणखी वेगळं.

प्रत्यक्षात होतं कसं ते बघा. पुकारा होतो, आरोपी उभा राहतो, मॅजिस्ट्रेट आरोप समजावून विचारतात, ‘गुन्हा मान्य आहे का?’ घाबरलेला माणूस म्हणतो, ‘हो साहेब, भांडण झालं होतं.’ आता भांडण झालं होतं हे मान्य करणं वेगळं आणि गुन्हा मान्य करणं वेगळं. समोरच्याने आधी हात उचलला, तुम्ही स्वतःला वाचवलं, तर तो कदाचित गुन्हाच नव्हे. म्हणूनच भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत (बीएनएसएस, १ जुलै २०२४ पासून लागू) समन्स केससाठी, म्हणजे दोन वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या केससाठी, कलम २७५ सांगतं की कबुली शक्य तितकी आरोपीच्याच शब्दांत नोंदवायची. त्यावर दोषी ठरवायचं की नाही, हा न्यायाधीशांचा स्वेच्छाधिकार. पण बोर्डावर, म्हणजे कोर्टाच्या त्या दिवसाच्या यादीत, शंभर केसेस असताना ‘हो साहेब’ एवढंच ऐकू जातं. आणि कलम ४१६ असं की, कबुलीवरून शिक्षा झाली तर अपील फक्त शिक्षा किती आणि कायदेशीर आहे का एवढ्यापुरतंच. ‘मी केलंच नव्हतं’ हे सांगायची अपिलाची वाट बंद.

आणि दंडावर सुटका होईल याची हमी कोण देतं? दंड कमी वाटला तर शिक्षा वाढवा म्हणून सरकार वर जाऊ शकतं. थिप्पास्वामी विरुद्ध कर्नाटक राज्य या १९८३ च्या प्रकरणात नेमकं हेच झालं. थोडक्यात सुटू या भरवशावर आरोपीने गुन्हा कबूल केला, मॅजिस्ट्रेटने दंडावर सोडलं, आणि हायकोर्टाने शिक्षा वाढवून कैद दिली. सुप्रीम कोर्टाने म्हटलं की असं आमिष दाखवून कबुली घ्यायची आणि मग वरच्या कोर्टात शिक्षा वाढवायची, हे घटनेच्या अनुच्छेद २१ विरुद्ध आहे. पण त्याला मिळालं काय? निर्दोष सुटका नव्हे. केस परत खालच्या कोर्टात, पहिल्यापासून. ‘विषय संपतो’ म्हणणाऱ्याने हा निकाल एकदा वाचावा.

खरी चीड येते ती याची, की सोपी वाट शेजारीच असते. शिवीगाळ, धमकी, साधी दुखापत, म्हणजे भारतीय न्याय संहितेची कलमं ३५२, ३५१(२), ११५(२), ही बीएनएसएस कलम ३५९ खाली आपसात मिटवता येतात. ज्याला लागलं त्याने तडजोडीला होकार द्यायचा, दोघांनी अर्जावर सही करायची. अशा तडजोडीचा परिणाम कायद्यानेच निर्दोष सुटकेचा. लोकअदालतीत अशी प्रकरणं एका दिवसात मिटतात. म्हणजे एकाच कोर्टात, एकाच दिवशी, एक जण तडजोड करून निर्दोष बाहेर पडतो आणि दुसरा मेसेज वाचून दोषी. हत्याराने दुखापतीचं ११८(१) लागलं असेल तर मात्र मॅजिस्ट्रेटसमोर तडजोड चालत नाही. तिथे दोघांच्या संमतीने हायकोर्टात बीएनएसएस कलम ५२८ खाली केस रद्द करण्याचा अर्ज करावा लागतो.

या नियमात खरं किती, तेही सांगून टाकतो. फक्त दंडाची शिक्षा असलेल्या अगदी किरकोळ गुन्ह्यांत कबूल करून मोकळं होणं व्यवहाराचं असू शकतं. पुरावा भक्कम असेल तर वकिलाच्या सल्ल्याने कबुली देऊन परिवीक्षा कायदा १९५८ चा फायदा मागता येतो. त्यात समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर सोडतात, आणि त्याच कायद्याचं कलम १२ सांगतं की या दोषसिद्धीमुळे अपात्रता चिकटणार नाही. पण तो फायदा आपोआप मिळत नाही, मागावा लागतो. मेसेजमध्ये याचा एक शब्द नाही.

आता चौथा. ‘गरिबाला सरकारी वकील फुकट मिळतो. त्याला भेटून सगळं खरं सांगा.’ हे वाचून हसावं की रडावं कळेना. सरकारी वकील, म्हणजे कोर्टातले ए.पी.पी. किंवा पी.पी., तुमच्याविरुद्ध केस चालवतात! त्यांच्यापुढे मन मोकळं करणं म्हणजे समोरच्या संघाच्या कप्तानाला आपले डावपेच सांगणं. फुकट मिळणारा वकील वेगळा. तो विधी सेवा प्राधिकरणाकडून मिळतो. तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती, जिल्ह्याच्या कोर्टात जिल्हा प्राधिकरण, आणि आता बऱ्याच जिल्ह्यांत फौजदारी बचावासाठी लोक अभिरक्षक कार्यालय. हेल्पलाईन १५१००. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ च्या कलम १२ प्रमाणे कोठडीतला माणूस, महिला, मूल, अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती, दिव्यांग यांना उत्पन्न न बघता हा वकील मिळतो. पहिल्या रिमांडच्या वेळीच, म्हणजे अटकेनंतर कोठडी मागायला मॅजिस्ट्रेटसमोर उभं करतात तेव्हाच, ‘मला वकील नाही, विधी सेवेतून द्यावा’ एवढं न्यायाधीशांना तोंडी सांगितलं तरी चालतं. या वकिलाशी झालेलं बोलणं गुप्त राहतं, ए.पी.पी.शी झालेलं राहत नाही.

पाचवा: ‘नव्वद दिवसांत चार्जशीट आली नाही तर पोलीस आपोआप सोडतात.’ निम्मं खरं, आणि निम्मं खरं असल्यामुळेच धोक्याचं. बीएनएसएस कलम १८७(३) प्रमाणे फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षं वा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत मुदत ९० दिवस, बाकी सगळ्यांत ६०. चोरीच्या केसमध्ये आत असलेला माणूस या मेसेजवर विसंबून नव्वदावा दिवस मोजत बसला आणि पंचाहत्तराव्या दिवशी चार्जशीट आली, तर साठ दिवस संपल्यावर मिळालेला जामिनाचा हक्क हातचा गेला. कारण ‘आपोआप’ काहीच होत नाही. मुदत संपताच, चार्जशीट दाखल होण्याआधी, जामिनाचा अर्ज द्यावा लागतो आणि ठरलेला जामीन भरावा लागतो. अर्ज आधी आणि चार्जशीट नंतर आली, अगदी त्याच दिवशी आली, तरी हक्क टिकतो. दिवस अटकेपासून मोजायचे नाहीत. मॅजिस्ट्रेटने पहिला रिमांड दिला तो दिवस धरून मोजायचे, हे सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये स्पष्ट केलंय. मकोका (संघटित गुन्हेगारीविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा) आणि यूएपीए (दहशतवादी कारवायांविरुद्धचा कायदा) यांत हीच मुदत १८० दिवसांपर्यंत जाते, अंमली पदार्थांच्या मोठ्या प्रकरणांत त्याहून पुढेही.

तिसऱ्यात म्हटलंय, ‘पोलिसांसमोर काहीही बोला, ते कोर्टात चालत नाही.’ नाइलाजाने मान्य करतो की नियम मुळात तसाच आहे. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ प्रमाणे पोलिसांना दिलेली कबुली पुरावा होत नाही. पण त्याच कलमाचं शेपूट वाचा. ‘चाकू विहिरीमागे पुरलाय, चला दाखवतो’ असं कोठडीतला आरोपी म्हणाला आणि चाकू तिथेच सापडला, तर त्या बोलण्यातला चाकू सापडण्यापुरता भाग कोर्टात येतो. मेमोरँडम पंचनामा, म्हणजे आरोपीचं हे बोलणं पंचांसमोर लिहून घेणं, करतात तो त्यासाठीच. मकोकात तर एसपी दर्जाच्या अधिकाऱ्यासमोरची कबुलीही विशिष्ट अटींवर चालते. तेव्हा ‘काहीही बोला’ हा सल्ला नको. स्वतःला गुन्ह्यात अडकवणाऱ्या प्रश्नाला उत्तर न देण्याचा हक्क अनुच्छेद २०(३) देतो, तो वापरा. कोऱ्या कागदावर सही अजिबात नाही.

दुसरा, ‘चोवीस तासांनंतर सोडावंच लागतं’, हा झटपट. सोडावं नाही लागत, मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावं लागतं, तेही प्रवासाचा वेळ वगळून. तिथून पीसीआर (पोलीस कोठडी), एमसीआर (न्यायालयीन कोठडी) किंवा जामीन. नव्या कायद्यात पंधरा दिवसांची पोलीस कोठडी सलग नसली तरी चालते. गुन्ह्याप्रमाणे पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत ती तुकड्यांनीही मागता येते. ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?’ असं मॅजिस्ट्रेट विचारतात तेव्हा मार बसला असेल तर तिथेच सांगायचं. वैद्यकीय तपासणीच्या अहवालाची प्रत आरोपीला मागता येते.

पहिला नियम तर सरळसरळ गोत्यात आणणारा: ‘एफआयआर झाला की अटक होतेच, म्हणून काही दिवस गावाबाहेर राहा.’ सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत अटक का गरजेची, याची कारणं पोलिसांनी लेखी नोंदवायची, हे सुप्रीम कोर्टाच्या अर्नेश कुमार निकालाने २०१४ पासून बजावलंय. अटक गरजेची नसेल तिथे बीएनएसएस कलम ३५(३) ची, चौकशीला हजर राहा अशी नोटीस येते. नोटिशीप्रमाणे हजर होत राहिलात तर साधारणपणे अटक करता येत नाही. पळालात की पोलिसांना हवं असलेलं कारण तुम्हीच दिलंत, आणि अटकपूर्व जामिनाच्या अर्जातही तेच आडवं येतं. एक बारकावा: ही नोटीस व्हॉट्सॲपवर बजावलेली चालत नाही, हे सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलंय. फोनवर ‘नोटीस’ आली तर घाबरून पैसे पाठवू नका, पोलीस ठाण्यात जाऊन खात्री करा.

राहिला सहावा: ‘जामीन झाला की पुढचं वकील बघतो, तुम्ही जायची गरज नाही.’ जामिनाचा बाँडच मुळी प्रत्येक तारखेला हजर राहीन असा असतो. जमणार नसेल तर त्या दिवशी वकिलामार्फत हजेरी माफीचा अर्ज, बीएनएसएस कलम ३५५ खाली, कारण आणि शक्यतो कागदासह. अर्ज नाही, आरोपी नाही, तर वॉरंट निघतं, बाँड जप्त होऊ शकतो आणि जामीनदाराला नोटीस जाते. सातबारा देऊन उभा राहिलेला तो काका उगाच अडकतो. वॉरंट निघालंच तर पोलीस यायची वाट बघू नका. वकिलाला घेऊन त्याच कोर्टात स्वतः हजर व्हा आणि वॉरंट रद्द करण्याचा अर्ज द्या. रद्द झाल्याच्या आदेशाची एक प्रत पोलीस ठाण्यात द्या, एक स्वतःच्या खिशात ठेवा. ठाण्याच्या फायलीत जुनं वॉरंट पडून राहतं, आणि आदेश तिथवर पोचायच्या आत कुणीतरी ते घेऊन दारात येतं.