मर्कने शाल्केची ट्रॉफी चोरली म्हणे!

दर मे महिन्यात तीच पोस्ट फिरत येते, की "मार्कुस मर्क नावाच्या दाताच्या डॉक्टरने 2001 ला शेवटच्या मिनिटाला बायर्नला पेनल्टी देऊन शाल्केचं टायटल घालवलं आणि तिथेच त्याचं करिअर संपलं." मर्क म्हणजे त्या मॅचचा रेफरी, आणि बायर्न, शाल्के म्हणजे जर्मनीच्या बुंडेसलिगा या फुटबॉल लीगमधल्या टीम. एका वाक्यात एवढ्या थापा मारायलाही मेहनत लागते राव.

पहिलं म्हणजे पेनल्टी नव्हतीच, इनडायरेक्ट फ्री किक होती (थेट गोल मारता येत नाही, आधी बॉल दुसऱ्या कोणाला तरी लागावा लागतो). 19 मे 2001, सीझनचा शेवटचा दिवस, हॅम्बुर्गमध्ये हॅम्बुर्ग विरुद्ध बायर्न. हॅम्बुर्गच्या बार्बारेझने 90व्या मिनिटाला गोल केला, तिकडे शाल्के उंटरहाखिंगला 5-3 ने हरवून बसलेले, त्यांचे लोक मैदानात घुसून नाचायला लागले. आणि इकडे हॅम्बुर्गच्या उयफालुशीच्या पायाला लागून बॉल मागे गेला तो कीपर शोबरने सरळ हातात उचलला. बॅकपासचा नियम 1992 पासून आहे, टीममेटने मुद्दाम पायाने दिलेला बॉल कीपरने हातात घ्यायचा नाही, घेतला तर समोरच्यांना इनडायरेक्ट फ्री किक. आता तो पास मुद्दाम होता की झटापटीत पाय लागला यावर खुशाल भांडा, तो वाद खरा आहे, पण मर्कने नियम काही घरून बनवून आणला नव्हता. आणि गंमत बघा, हा शोबर शाल्केकडूनच लोनवर (उसना) आलेला! पोस्टवाले हे बरोबर विसरतात.

फ्री किकवर बायर्नच्या एफेनबर्गने बॉल सरकवला, आंडरसनने त्या गर्दीतून जाळ्यात मारला, 1-1. बायर्नला ड्रॉच पुरेसा होता, 63 विरुद्ध 62 पॉइंट. म्हणजे आधीच्या 33 मॅचमध्ये शाल्केने कुठेतरी एक पॉइंट जास्त काढला असता तर हा विषयच नव्हता (पॉइंट सारखे झाले तर बघतात तो गोल डिफरन्स त्यांचाच चांगला होता).

दाताचा डॉक्टर म्हणजे हौशी, हा तर कहरच. तेव्हा जर्मनीत बहुतेक रेफरी नोकरी-धंदा सांभाळूनच शिट्टी वाजवायचे. हा माणूस 1988 पासून बुंडेसलिगात होता, आणि दक्षिण भारतात येऊन गरीब मुलांचे दातही बघायचा.

बाकी करिअर संपलं म्हणताय तर 2003 ची चॅम्पियन्स लीग फायनल कोणी केली? 2004 ची युरो फायनल, ग्रीस-पोर्तुगाल? 2002 आणि 2006 चे दोन्ही वर्ल्ड कप? तो 2008 ला थांबला तेव्हा त्याच्या नावावर 330 हून जास्त बुंडेसलिगा मॅच होत्या, तो रेकॉर्ड नंतर वोल्फगांग श्टार्क या रेफरीने मोडला. शाल्केच्या मॅच मात्र त्याला नंतर दिल्या नाहीत, तेवढं एक खरं.