आधी पाणी कोण आणतं ते सांगा

धर्मांची समाजातली भूमिका दोन रकान्यांत मांडणारा तो तक्ता आज तिसऱ्यांदा आला. डावीकडे 'पूर्वेचे धर्म': अंतर्मुख, सहिष्णू, ज्याचा त्याचा मोक्ष. उजवीकडे 'पाश्चात्त्य धर्म': संघटित, आक्रमक, समाजसेवेत पुढे. खाली हात जोडलेले. पाठवणारी माणसं आपल्यातलीच, वाचणारी. म्हणूनच राग जास्त आला.

या तक्त्यात कुठेच बसत नाही अशी एक गोष्ट विनयपिटकात, म्हणजे बौद्ध भिक्षूंच्या नियमांच्या ग्रंथात आहे. त्याच्या महावग्ग या भागात, चीवरांचे, म्हणजे भिक्षूंच्या वस्त्रांचे नियम सांगणाऱ्या प्रकरणात. एका भिक्षूला पोटाचा विकार झालेला. स्वतःच्याच मलमूत्रात पडलेला. बुद्ध आपला शिष्य आनंद याला घेऊन विहारात फिरत असताना त्याच्यापाशी येतात. काय होतंय, विचारतात. पोटाचा विकार आहे, तो म्हणतो. सेवेला कोणी आहे? नाही. का नाही? "मी भिक्षूंच्या काही उपयोगाचा नाही, म्हणून ते माझी सेवा करत नाहीत." बुद्ध आनंदाला सांगतात, पाणी घेऊन ये. मग बुद्ध पाणी ओततात, आनंद त्याचं अंग धुतो. बुद्ध डोक्याकडून, आनंद पायांकडून धरतात आणि दोघं मिळून त्याला खाटेवर निजवतात.

त्यानंतर भिक्षूंना जमवून ते म्हणतात, तुम्हाला इथे आई नाही, बाप नाही. तुम्हीच एकमेकांची शुश्रूषा केली नाहीत, तर कोण करणार? ज्याला माझी सेवा करायची आहे, त्याने आजाऱ्याची करावी.

बहुतेक लोक इथे डोळे पुसतात आणि पुस्तक मिटतात. पण पुढचं पान त्याहून महत्त्वाचं आहे. तिथे जबाबदारी नावानिशी लावून दिली आहे. आजाऱ्याचा उपाध्याय, म्हणजे दीक्षा देणारा गुरू, असेल तर तो बरा होईपर्यंत उपाध्यायाने बघायचं. नसेल तर आचार्याने, मग शिष्याने, मग एकाच गुरूच्या इतर शिष्यांनी. यातलं कोणीच नसेल तर संघाने. आणि केलं नाही तर दुक्कट, म्हणजे नियमभंगाचा दोष. शुश्रूषा करणारा कसा हवा तेही लिहिलं आहे: औषध तयार करता येणारा, पथ्य-अपथ्य कळणारा, लाभासाठी नव्हे तर मायेने करणारा, मलमूत्र, थुंकी, ओकारी यांची किळस न करणारा, आणि धर्माच्या चार गोष्टी सांगून रोग्याला उभारी देणारा. रोग्यालाही सोडलेलं नाही. पथ्य न पाळणारा, प्रमाण न कळणारा, औषध न घेणारा, दुखणं खरं न सांगणारा, वेदना सहन न करणारा रोगी सांभाळायला कठीण, असं स्पष्ट म्हटलं आहे. घरात कोणाचं आजारपण काढलेल्या माणसाला ही यादी वाचताना घसा दाटून येईल.

आता या परंपरेला 'अंतर्मुख' म्हणायचं?

यानंतर साधारण हजार वर्षांनी, इटलीत, सहाव्या शतकात बेनेडिक्ट नावाचा साधू मठासाठी ७३ प्रकरणांची नियमावली लिहितो. प्रकरण ३६ आजाऱ्यांचं. सगळ्याच्या आधी आणि सगळ्याच्या वर आजाऱ्याची काळजी, प्रत्यक्ष ख्रिस्ताची करावी तशी. त्यांना वेगळी खोली, नेमून दिलेला सेवक, गरज असेल तेव्हा स्नान, फार अशक्त असतील त्यांना एरवी वर्ज्य असलेलं मांससुद्धा. आजाऱ्यांनीही अवाजवी मागण्या करून सेवा करणाऱ्या बंधूंना त्रास देऊ नये. हयगय झाली तर जबाबदार मठाधिपती. बेनेडिक्टने विनयपिटक वाचलं असण्याची शक्यता नाही. घरदार सोडलेली माणसं एका छपराखाली राहू लागली की आजारी कोणीतरी पडतोच, आणि त्याचं कोण बघणार हे लिहून ठेवावंच लागतं.

हो, सिद्धान्तांत फरक आहे. एकीकडे निर्माता ईश्वर, एकच जन्म, शेवटचा निवाडा. दुसरीकडे कर्म, पुनर्जन्म, आणि काही परंपरांत निर्मात्याची गरजच नाही. फरक मोठा आहे, मान्य. पण तक्ता समाजातल्या भूमिकेचा आहे ना? मग समाजात काय घडतं ते बघा की.

आणि 'पाश्चात्त्य' म्हणजे कोण? यहुदी, ख्रिस्ती, इस्लाम हे तिन्ही आशियातले. इथिओपियाच्या राजाने ख्रिस्ती धर्म चौथ्या शतकात स्वीकारला. चीनमध्ये शीआनला ७८१ सालचा ख्रिस्ती शिलालेख उभा आहे. जगात सर्वांत जास्त मुसलमान इंडोनेशियात राहतात. ही पश्चिम नेमकी कुठे सुरू होते?

संघटितपणाचं बघू. इंग्लंडमध्ये १५३८ साली हुकूम निघाला की प्रत्येक पॅरिशने, म्हणजे चर्चच्या स्थानिक विभागाने, बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंदवही ठेवायची. झालं, पश्चिम म्हणजे नोंदवही, असं म्हणाल. मग सतराव्या शतकातलं जपान घ्या. ख्रिस्ती धर्मावर बंदी घातल्यावर तोकुगावा राजवटीने प्रत्येक कुटुंबाला एका बौद्ध मंदिराशी जोडलं. हे कुटुंब ख्रिस्ती नाही, असा दाखला मंदिराने द्यायचा. जन्म, लग्न, मृत्यू, स्थलांतर, सगळं त्या वहीत. दाखला रोखून धरण्याची ताकद पुजाऱ्याच्या हाती आल्यावर काय होणार ते सांगायला नको. मंदिराची डागडुजी, श्राद्धविधी, वर्गणी, यांना नाही म्हणण्याची सोयच उरली नाही. मंदिरांचं पोट अंत्यविधींवर चालू लागलं, ते आजतागायत. आणि समाजाने वाळीत टाकलेल्या लोकांना मृत्यूनंतर द्यायच्या नावांतसुद्धा 'पशू' अशा अर्थाची अक्षरं घातली गेली. थडग्यावर कोरली. बुद्धाच्या नावाने चालणाऱ्या मंदिरांत! त्या आजारी भिक्षूचं डोकं ज्याने हातात धरलं, त्याच्या नावाने!

बाहेर पडण्याची वाटही तपासा. आजच्या जर्मनीत चर्चचा कर सरकार गोळा करतं: बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये आयकराच्या ८ टक्के, बाकी राज्यांत ९ टक्के. नको असेल तर न्यायालयात किंवा नोंदणी कार्यालयात जाऊन चर्च सोडल्याचं जाहीर करायचं. जपानमध्ये आज उलटी गंमत आहे. धार्मिक संस्थांनी कळवलेल्या अनुयायांची बेरीज देशाच्या लोकसंख्येपेक्षा जास्त भरते, कारण एकच माणूस शिंतो या जपानच्या मूळ धर्माच्या मंदिराच्याही यादीत असतो आणि बौद्ध मंदिराच्याही. 'तुमचा धर्म कोणता?' हा प्रश्नच तिथे नीट लागू पडत नाही. या एका मुद्द्यावर तक्तेवाल्यांना थोडं द्यावं लागेल. एकाच यादीत नाव असलं पाहिजे, हा आग्रह ख्रिस्ती आणि इस्लामी परंपरेत खरोखर जास्त आहे.

मला विचाराल तर फरक शोधायचाच असेल तर दान कोणत्या दिशेला वाहतं ते बघावं. जकात, म्हणजे इस्लाममधलं बंधनकारक दान घ्या. सुमारे ८५ ग्रॅम सोनं किंवा सुमारे ५९५ ग्रॅम चांदी एवढ्या किमतीची मालमत्ता एक चांद्र वर्ष हाताशी राहिली, तर तिच्यावर अडीच टक्के. वजनाच्या हिशेबात ठिकठिकाणी थोडा फरक पडतो, तत्त्व तेच. कोणाला द्यायची, त्याचे आठ वर्ग कुराणात ठरलेले. पहिले दोन गरीब आणि गरजू. देणाऱ्याने उपकार केले असं समजायचं नाही, मागणाऱ्याचा त्यात हक्क आहे. आपल्याकडच्या दानात मात्र 'पात्र' पाहायचं. श्रमण, ब्राह्मण, मठ, देवालय. पुण्य घेणाऱ्याच्या पात्रतेवर ठरतं, म्हणून दान वर चढतं. वर गेलेलं खाली आणायचं की नाही, ते वरच्याच्या मर्जीवर. काही मठांनी आणलं, काहींनी कोठारं भरली. आता लगेच कोणी शिखांचं नाव घेईल, आणि बरोबरच आहे. उत्पन्नाचा दहावा हिस्सा, दसवंध, आणि एकाच पंगतीत सगळ्यांना लंगर. हा धर्म पूर्वेचाच. म्हणजे तक्त्याची उभी रेघ इथेही पुसली गेली.

'सहिष्णू' या शब्दावर तर मी शांत राहूच शकत नाही. ज्या बाजूला तो शब्द लिहिलाय, त्याच बाजूच्या समाजात सार्वजनिक तळ्याचं पाणी ओंजळीत घेण्यासाठी १९२७ साली महाडला सत्याग्रह करावा लागला. पाणी! आनंदाला आणायला सांगितलं होतं तेच. १९३० मध्ये काळाराम मंदिराचा दरवाजा, आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेब लाखोंसह त्या धर्मात गेले, ज्याच्या ग्रंथात 'उपयोगाचा नाही' म्हणून टाकलेल्या माणसाला धुऊन काढल्याची नोंद आहे.

दुसऱ्या बाजूलाही हेच. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या चर्चमध्ये प्रार्थनेला गुडघे टेकलेल्या कृष्णवर्णीयांना ओढून उठवलं गेलं. रिचर्ड ॲलन आणि त्यांचे सोबती बाहेर पडले, आणि १८१६ साली आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च उभं राहिलं. दोन्हीकडे माणसं श्रद्धा सोडून गेली नाहीत. दार बंद करणाऱ्यांना सोडून गेली.

थोडं शांतपणे आणखी एक सांगायचंय, कारण धर्मसंस्था समाजात काय करते ते ती मोडल्यावर कळतं. ८४५ साली चीनच्या तांग सम्राटाने बौद्ध मठ बंद केले. सरकारी आकडा ४,६०० मठांचा, आणि २,६०,५०० भिक्षु-भिक्षुणींना संसारात परत धाडल्याचा. कारणं रोकडी होती: मठांच्या जमिनींवर कर नाही, भिक्षूंना वेठ नाही, आणि मूर्ती-घंटांत अडकलेलं तांबं. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीने १५३६ ते १५४० या काळात सुमारे ८०० मठ बंद केले. छपरांचं शिसं उतरवलं, घंटा वितळवल्या. सातशे वर्षांचं अंतर, मधे अख्खा खंड, आणि हिशेब तोच.

दोन्ही ठिकाणी पुढची अडचणही एकच आली. आजारी लोकांचं काय? चीनमध्ये भिक्षू चालवत असलेले आजाऱ्यांचे आश्रय वाऱ्यावर पडले, तेव्हा दरबाराला गावातली भली माणसं नेमून त्यांच्या खर्चासाठी जमीन तोडून द्यावी लागली. लंडनमध्ये सेंट बार्थोलोम्यूचं रुग्णालय बुडायला आलं. शहरातल्या लोकांनी राजाकडे मागणी लावून धरली, आणि १५४६ मध्ये ते शहराच्या ताब्यात आलं. शिसं आणि तांबं मोजणाऱ्यांनी खाटा मोजल्या नव्हत्या.

म्हणून पुढच्या वेळी असा तक्ता पाठवण्याआधी त्या धर्माच्या कुठल्याही संस्थेबद्दल एवढंच विचारा: तिथला निरुपयोगी माणूस आजारी पडला तर पाणी कोणी आणायचं हे ठरलेलं आहे का, आणि नाही आणलं तर जाब कोणाला?

महावग्गात त्याच प्रकरणात पुढे आणखी एक नियम येतो. आजारी भिक्षू दगावला तर त्याच्या वस्तूंवर मालकी संघाची. पण शुश्रूषा करणाऱ्यांचे उपकार मोठे, म्हणून त्याचं पात्र आणि चीवर संघाने त्यांना द्यावं. सेवा करणाऱ्यांत एखादा श्रामणेर, म्हणजे अजून भिक्षूही न झालेला पोरगा असेल, तर त्यालाही बाकीच्यांच्या बरोबरीने वाटा.