रेक्समच्या गोष्टीतून गाळलेली पंधरा वर्षं

एक फॉरवर्ड गेली काही वर्षं फिरतोय. माझ्याकडे तो बहुधा सोमवारी सकाळी येतो, खाली हात जोडलेली दोन चित्रं. मजकूर साधारण असा: वेल्समधला एक फुटबॉल क्लब मरायला टेकला होता, फुटबॉलचा ओ की ठो न कळणाऱ्या हॉलिवूडच्या दोन नटांनी तो घेतला, पैसा ओतला आणि क्लब झटक्यात वरच्या लीगमध्ये गेला. क्लब म्हणजे रेक्सम, नट म्हणजे रायन रेनॉल्ड्स आणि रॉब मॅकएलहेनी, हंगाम २०२२-२३चा. नाकं मुरडणारेही हेच सांगतात, फक्त 'जिद्द' काढून तिथे 'विकत घेतलेली बढती' घालतात.

आधी 'मरायला टेकला होता' हे बघू. टेकला होता, पण नट यायच्या खूप आधी. २००४ साली क्लब दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेला, दहा गुण कापले गेले. २००८ मध्ये तो इंग्लिश फुटबॉलच्या चौथ्या पातळीवरून पाचव्या पातळीवर, म्हणजे आजच्या नॅशनल लीगमध्ये घसरला. २०११च्या उन्हाळ्यात तर लीगने मागितलेली अनामत भरायला पैसे नव्हते. तेव्हा चाहत्यांनी एका दिवसात एक लाख पाउंडांहून जास्त रक्कम उभी केली. खाणकामगारांचं गाव आहे हे. जवळच्या ग्रेसफर्डच्या खाणीत १९३४ साली २६६ माणसं गेली. अशा ठिकाणी एका दिवसात एवढे पैसे कुणाच्या फिक्स डिपॉझिटमधून येत नाहीत.

मग क्लब चाहत्यांच्या ट्रस्टच्या मालकीचा झाला. पहिल्याच हंगामात संघाने ९८ गुण मिळवले आणि दुसरा आला, कारण फ्लीटवुडने १०३ मिळवले. पुढच्या वर्षी प्ले-ऑफच्या, म्हणजे बढतीसाठीच्या बाद फेरीच्या, अंतिम सामन्यात न्यूपोर्टकडून हरला. ट्रस्टने जुनी देणी फेडली. नोव्हेंबर २०२०मध्ये नटांचा प्रस्ताव आला तेव्हा सभासदांनी मतदान केलं आणि ९८.६ टक्के मतं बाजूने पडली. मरणासन्न माणसाला कुणी उचलून नेलं असा हा प्रकार नव्हे. घरच्यांनी नीट बसून, विचार करून दिलेली संमती होती ती.

'झटक्यात' या शब्दाला तर काही आधारच नाही. ताबा फेब्रुवारी २०२१मध्ये मिळाला. तो हंगाम आठव्या क्रमांकावर संपला. २०२१-२२ हा पहिला पूर्ण हंगाम, पैसा खेळता, आणि संघ दुसरा. मे महिन्यात आठवड्याभरात दोन घाव बसले: लंडनच्या वेम्बली मैदानावर एफए ट्रॉफीच्या, म्हणजे खालच्या पातळ्यांवरच्या क्लबांच्या चषकाच्या, अंतिम सामन्यात ब्रॉमलीकडून ०-१, मग प्ले-ऑफच्या उपांत्य सामन्यात ग्रिम्सबीकडून घरच्या मैदानावर ४-५, तोही जादा वेळेत शेवटी-शेवटी खाल्लेल्या गोलने. पैसे टाकले की बढती बाहेर येते असं यंत्र असतं, तर ते त्या वर्षीच चाललं असतं.

नॅशनल लीगचा नियम कळल्याशिवाय हे समजायचं नाही. चोवीस संघ, शेचाळीस सामने, आणि थेट बढती फक्त एका संघाला. दुसऱ्यापासून सातव्यापर्यंत सगळे प्ले-ऑफमध्ये, त्यातून आणखी एक वर. वर्षभर दुसऱ्या क्रमांकावर छान खेळून मेमधल्या एका वाईट संध्याकाळी सगळं घालवता येतं.

नटांना फुटबॉल कळत नव्हता, हे खरंच. म्हणून तर त्यांनी कळणारा माणूस आणला. फिल पार्किन्सन म्हणजे चौथ्या पातळीवरच्या ब्रॅडफर्डला २०१३ मध्ये लीग कपच्या अंतिम सामन्यापर्यंत नेणारा प्रशिक्षक. फॉरवर्डमध्ये त्याचं नावही नसतं.

आता पैसा. इथे मी हात झटकणार नाही. पॉल मलिन केंब्रिजकडून ३२ गोल ठोकून चौथ्या पातळीवरचा सर्वाधिक गोल करणारा ठरला होता. केंब्रिज वर चढलं आणि हा पठ्ठ्या दोन पातळ्या खाली रेक्समला आला. वेल्सच्या हवेसाठी नक्कीच नाही. २०२२-२३च्या हिशेबात क्लबचा तोटा पन्नास लाख पाउंडांच्या वर आहे. पाचव्या पातळीवर असा खर्च इतरांना झेपत नाही, आणि ही तक्रार रास्त आहे.

पण त्याच हंगामात, त्याच लीगमध्ये नॉट्स काउंटी हा क्लबही होता. मालक आकडेवारीच्या धंद्यातले दोन डॅनिश भाऊ, रेक्समसारखे माहितीपटाचे कॅमेरे नाहीत, आणि मॅकॉले लँगस्टाफ नावाच्या खेळाडूचे लीगमध्ये ४२ गोल. मलिनचे ३८.

१० एप्रिल २०२३, ईस्टरचा सोमवार, रेक्समचं रेसकोर्स मैदान. दोघांचे गुण सारखे, शंभर-शंभर. नॉट्सने मध्यंतराच्या तोंडावर फ्री किकवर आघाडी घेतली. रेक्सम २-१ पुढे गेला, नॉट्सने २-२ केलं, एलियट लीने ३-२. भरपाईच्या वेळेत चेंडू रेक्समच्या बचावपटूच्या हाताला लागला. पेनल्टी. गोलपोस्टमध्ये बेन फॉस्टर उभा होता. आठवड्यापूर्वीच चाळिशी गाठलेला, आधीच्या सप्टेंबरात निवृत्त झालेला, गोलरक्षक जखमी झाला म्हणून मार्चमध्ये बोलावलेला. त्याने ती अडवली. ती आत गेली असती तर गुण पुन्हा सारखेच राहिले असते, आणि पुढचं सांगणं अवघड होतं.

२२ एप्रिलला बोरहम वुडविरुद्ध पहिल्याच मिनिटाला रेक्सम मागे पडला. शेवट ३-१. पंधरा वर्षांनी चौथ्या पातळीवर परत. १११ गुण, ११६ गोल. आधीचा विक्रम १०५ गुणांचा होता. तो नॉट्सनेही मोडला, १०७ गुण मिळवून, आणि तरीही त्यांना प्ले-ऑफ खेळावा लागला.

तिथे बोरहम वुडविरुद्ध दोन गोलांनी मागे पडून ते १२०व्या मिनिटाला जिंकले. वेम्बलीवर चेस्टरफिल्डशी २-२. पेनल्टी शूटआउटच्या तोंडावर प्रशिक्षकाने गोलरक्षकच बदलला, नव्याने दोन अडवल्या आणि नॉट्सही वर गेला. त्यांचा फॉरवर्ड मला अजून कुणी पाठवलेला नाही.