“फुकटची सिस्टीम सर्व्हरला नको” हा मेसेज पुढं पाठवण्याआधी

सांगलीतल्या व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर आठवडाभर एक मेसेज फिरतोय, मला एकट्याला चौघांनी पाठवला. म्हणणं असं की छोट्या धंदेवाल्यांनी सर्व्हरला, म्हणजे सगळ्या पीसींचा डेटा ठेवणाऱ्या मशीनला, विंडोजऐवजी लिनक्स, बीएसडी असली फुकटची ऑपरेटिंग सिस्टीम टाकू नये, ते कधीही बंद पडतं, सेंटॉस नावाच्या लिनक्सचं बघा, प्रोग्रॅमचा कोड कुणालाही वाचता येईल असा उघडा असल्यानं हॅकरला सोपं जातं, बिघडलं तर गावात बघणारा कोणी नाही आणि त्यावर टॅली चालत नाही. मार्केट यार्डातल्या अडत दुकानांपासून कुपवाड एमआयडीसीपर्यंत मी सर्व्हर बसवायचं आणि सांभाळायचंच काम करतो, आणि हा मेसेज वाचून एका हळद व्यापाऱ्यानं नीट चाललेला डेबियन या लिनक्सचा सर्व्हर काढायला सांगितला, म्हणून लिहितोय.

सेंटॉसचं आधी घेतो कारण त्यात तथ्य आहे. डिसेंबर २०२० मध्ये सेंटॉसमागच्या रेड हॅट कंपनीनं जाहीर केलं की सेंटॉस ८ चा सपोर्ट, म्हणजे अपडेट, २०२९ ऐवजी २०२१ अखेरच संपणार. मला तेव्हा राग आला होता, अजून आहे. पण पुढं काय झालं ते मेसेजमध्ये नाही. मार्च २०२१ ला सेंटॉसच्या जागी चालणारं अल्मालिनक्स आलं, जूनमध्ये रॉकी लिनक्स, दोन्ही फुकट, आणि चालू मशीन आहे तशी वळवून घ्यायची स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, दोघांनीही दिली. कुपवाडच्या एका फाउंड्रीचा सर्व्हर मी तसाच अल्मावर नेला, बॅकअप घेऊन रविवारी बसलो, सोमवारी ऑफिसातल्या कुणाला फरक कळला नाही. कोड उघडा होता म्हणूनच दुसऱ्यांना तो उचलून पुढं चालवता आला ना! विंडोज सर्व्हर २०१२ चा सपोर्ट ऑक्टोबर २०२३ मध्ये संपला तेव्हा नवं लायसन्स घ्या नाहीतर वाढीव अपडेटचे पैसे भरा, असंच होतं. आणि एका कंपनीच्या मर्जीची भीती वाटत असेल तर सरळ डेबियन घ्या, १९९३ पासून स्वयंसेवक चालवतायत, मागं मालक कंपनीच नाही, ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ला २०३० पर्यंत सिक्युरिटी अपडेट मिळणारेत.

उघड्या कोडचं म्हणाल तर मार्च २०२४ मधला एक्सझेड या फायली दाबून लहान करणाऱ्या लिनक्समधल्या प्रोग्रॅमचा प्रकार बघा. कुणीतरी दोन-अडीच वर्षं विश्वास कमावून त्या प्रोग्रॅममध्ये चोरवाट घुसवली होती, आणि ती सापडली कशी, तर मायक्रोसॉफ्टमध्येच नोकरी करणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंडला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं आणि तो कोड उघडून खोलात गेला. डेबियनच्या स्टेबल, म्हणजे रोजच्या वापराच्या पक्क्या आवृत्तीत ती चोरवाट पोचलीच नव्हती. कोड बंद असता तर तो बाहेरचा माणूस काय बघणार होता? तरी एक कबूल करतो, अपडेट न करता चार वर्षं तसाच ठेवलेला लिनक्स सर्व्हर धोक्याचाच, त्याला फुकट-विकतचा संबंध नाही.

आमच्याकडं प्रत्यक्षात होतं काय, तर काउंटरवरच्या विंडोज पीसीत रॅन्समवेअर हा खंडणी मागणारा व्हायरस शिरतो आणि शेअर केलेल्या फोल्डरमधल्या फायली लॉक करतो. सर्व्हरवर झेडएफएस या डेटा साठवायच्या पद्धतीचे दर तासाचे स्नॅपशॉट, म्हणजे त्या वेळच्या डेटाच्या न बदलणाऱ्या प्रती, असतील तर तासाभरापूर्वीचा डेटा परत आणता येतो, कारण पीसीवरून त्या स्नॅपशॉटला हात लागत नाही. बीएसडीतल्याच फ्रीबीएसडी या सिस्टीममध्ये झेडएफएस अंगचंच आहे. पण मी सगळ्यांना फ्रीबीएसडी सुचवत नाही, असेंबल केलेल्या पीसीत बहुतेकदा रियलटेक कंपनीचं लॅन कार्ड असतं, त्यावर ते कधी कधी अडतं, इंटेलचं कार्ड टाकावं लागतं, आणि जाणकार माणसंही कमी.

माणसांवरून आठवलं, सपोर्ट. वालचंद कॉलेजात पोरांचा लिनक्स युजर्स ग्रुप आहे, तिथं शिकलेली पोरं काम करतात. सिस्टीम फुकट असली तरी सांभाळणाऱ्याला पैसे द्यावे लागतात, ते मात्र ठरवूनच द्या. विंडोज सर्व्हर स्टँडर्डला मशीनमागं किमान १६ कोरचं लायसन्स आणि वर माणसागणिक किंवा पीसीगणिक वेगळं लायसन्स लागतं, आणि सांभाळणारा माणूस तिथंही लागतोच.

टॅलीचं अर्धं खरं आहे. टॅली विंडोज पीसीवरच चालवायचं, सर्व्हरवर फक्त डेटाचं फोल्डर सांबा या प्रोग्रॅमनं विंडोज पीसींना शेअर करायचं. त्या हळद व्यापाऱ्याकडं पाच पीसी असेच चालतात.

आणि त्या मेसेजमध्ये बॅकअप हा शब्दच नाही, हे मला जास्त लागलं. ऑगस्ट २०१९ ला आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, मारुती चौकाकडची तळमजल्यावरची दुकानं बुडाली, त्यात विंडोजवालेही होते आणि लिनक्सवालेही. तेव्हापासून माझ्याकडचे सगळे सर्व्हर वरच्या मजल्यावर आहेत आणि रोज रात्री ११ ला आरसिंक या कॉपी करायच्या प्रोग्रॅमनं मिरजेतल्या मशीनवर कॉपी पाठवतात.