रापी कुणी धरायची?

मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीचे नाव न घेता दाखवलेल्या त्या चपलेचा विषय आमच्या कट्ट्यावर तसा शिळा झाला होता. जून 2025 मध्ये जेवढे ओरडायचे तेवढे आम्ही ओरडून घेतले होते. पण डिसेंबरमध्ये इटलीच्या त्याच कंपनीचा करार झाल्याची, इकडच्या आणि सीमेपलीकडे कर्नाटकातल्या कारागिरांकडून 2,000 जोड करून घेऊन ते सुमारे 800 युरोंना विकणार असल्याची आणि वर तरुणांना प्रशिक्षणही देणार असल्याची बातमी आली, तेव्हा सल्लागाराने तो पुन्हा उकरून काढला. सल्लागार हे त्याचे खरे नाव नव्हे. पुण्याच्या एका कंपनीत तो लोकांना त्यांचेच काम समजावून सांगतो आणि त्याचे पैसे घेतो, म्हणून आमच्या पेठेतल्या लोकांनी त्याला हे नाव दिले आहे. पुढे जे लिहिले आहे त्यातली भाषा मी बरीच धुऊन घेतली आहे. कोल्हापुरात दर वाक्यामागे येणारे 'मर्दा' आणि त्याहून तिखट असे काही शब्द वाचकांनी आपापल्या जबाबदारीवर घालून घ्यावेत.

सल्लागाराचे म्हणणे थोडक्यात असे होते, की म्हातारे कारागीर एकेक करून जात आहेत, त्यांच्याबरोबर शेकडो वर्षांचे ज्ञान जात आहे, नव्या पिढीला मोबाइलपलीकडे काही सुचत नाही, आणि म्हणून या ज्ञानाचे दस्तावेजीकरण करून मुलांच्या मनात वारशाचा अभिमान रुजवला पाहिजे. 'वारसा' हा शब्द तो इतक्या वेळा उच्चारत होता, की वकिलाने टपरीवरची काडेपेटी उघडून प्रत्येक उच्चाराला एक काडी बाजूला ठेवायला सुरुवात केली.

बापू हा सगळा वेळ चहा फुंकत बसला होता. बापूचे वडील चपला करत असत, थोरले काका सुभाषनगरात अजूनही करतात, आणि बापू स्वतः वीज खात्यात आहे. कप खाली ठेवून तो म्हणाला, "अभिमान कुणाच्या मुलाच्या मनात रुजवायचा, ते आधी ठरव. तुझ्या वडिलांची पिठाची गिरणी होती, ती तू का चालवली नाहीस?"

ती गोष्ट वेगळी, गिरणी ही काही कला नव्हे, असे सल्लागार म्हणाला, आणि तिथेच तो सापडला. "तुझे वडील गिरणीच्या दगडांना टाकी लावायला बसत, तेव्हा मी समोर उभा असायचो," बापू म्हणाला. "टाकी किती खोल जायला हवी हे त्यांना पीठ चिमटीत धरून कळायचे. ते ज्ञान तू पुण्याला नेलेस का? गिरणी विकून त्या पैशात शिकलास, चांगले केलेस. मग आमच्याच मुलांनी वारसा का सांभाळायचा?"

वकिलाने जमवलेल्या काड्या पुन्हा पेटीत भरल्या.

बापूच्या घरची हकिकत आम्हाला ठाऊक होती, तरी त्या संध्याकाळी त्याने ती प्रथमच सलग सांगितली. वडिलांनी त्याला रापीला, म्हणजे चामडे कापायच्या हत्याराला, हात लावू दिला नाही. घरात चुन्यात टाकलेल्या आणि बाभळीची साल व हिरड्याच्या पाण्याने भरून टांगलेल्या कातड्यांचा वास असे, तो कपड्यांना लागे, आणि शाळेत बाकावर शेजारी कोण बसते यावर त्या वासाचा परिणाम होई. त्यामुळे कला पुढे गेली नाही याचा दोष नव्या पिढीच्या आळसावर टाकणाऱ्यांना बापूचे उत्तर असे आहे, की ती पुढे जाऊ नये असा निर्णय म्हाताऱ्यांनीच पूर्ण शुद्धीवर असताना घेतला होता. "शाहू महाराजांनी 1902 साली नोकऱ्यांत निम्म्या जागा राखून ठेवल्या," तो म्हणाला, "त्या आम्ही शिकूनसवरून पुन्हा रापीकडे वळावे म्हणून राखल्या होत्या, असे तुला वाटते का?"

यावर सल्लागाराने पंतप्रधान विश्वकर्मा योजनेचा आधार घेतला. सप्टेंबर 2023 पासून सरकारने अठरा कारागिरींत चर्मकामही घेतले आहे, प्रशिक्षणाचे दिवसाला 500 रुपये मिळतात, अवजारांसाठी 15,000 रुपये मिळतात आणि स्वस्त कर्जही मिळते, असे त्याने बोटांवर मोजून सांगितले. बापूने यातले काहीही नाकारले नाही. अवजारांचे पैसे त्याच्या काकांना उपयोगी पडले होते. पण पायाभूत प्रशिक्षण पाच-सात दिवसांचे असते, आणि तेवढ्यात मुलगा फार तर रापीला धार लावायला शिकेल, असे तो म्हणाला.

मास्तर इथे मध्ये पडले. ते चित्रकलेचे निवृत्त शिक्षक असून बापूच्या काकांच्या कामाच्या जागी बसून त्यांनी कित्येक वह्या रेखाटनांनी भरल्या आहेत. त्यांचे म्हणणे असे, की बापू न्यायाच्या बाजूने बोलतो ते खरेच आहे, पण जे नष्ट होते आहे तेही खरेच आहे. काका कातडे पसरून त्यावर नुसता हात फिरवतात, पाठीकडचा घट्ट भाग तळासाठी आणि टाचेसाठी वेगळा काढतात, पोटाकडचा सैल भाग तळाला कधीच लावत नाहीत, आणि चपलेचे कान, म्हणजे पट्टा अडकवायचे बाजूचे तुकडे, तळाच्या दोन थरांच्या मध्ये बसवून खिळ्याशिवाय, चामड्याच्याच वादीने शिवतात. वादी किती ओली असताना ओढायची, हे मास्तरांनी अनेकदा विचारले, तेव्हा काकांनी ती त्यांच्या हातात दिली आणि म्हणाले, "एवढी."

"हे 'एवढी' कुठल्या व्हिडिओत मावणार?" असे विचारून मास्तर मिरजेकडे वळले, कारण बोलता बोलता ते नेहमीच मिरजेकडे वळतात. मिरजेचे सतारमेकर मूळचे शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. तलवारींचे दिवस सरले तेव्हा, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, फरीदसाहेबांच्या घराण्याने तंतुवाद्यांकडे मोर्चा वळवला, आणि आज पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या भोपळ्यांपासून तिथे जे तंबोरे होतात त्यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. त्यांची पोरे आजोबांचा धंदा जसाच्या तसा करत राहिली असती, तर आज कुणाच्या तलवारीला धार लावत बसली असती, असे मास्तर म्हणाले. जवारी, म्हणजे तारांचा नाद खुलावा म्हणून घोडी घासून जुळवणे, मात्र अजूनही म्हाताऱ्याच्या शेजारी बसून, त्याच्या कानाने ऐकायला लागल्यावरच जमते, आणि तिथेही शेजारी बसायला मुले कमीच आहेत.

हा मुद्दा मला सर्वांत मोलाचा वाटला, पण तो पुढे जाऊ शकला नाही, कारण मिरजेचे नाव निघताच वकिलाला सल्लागाराचे लग्न आठवले. ते मिरजेत झाले होते. त्या मांडवातून मास्तरांची, बापूच्या वडिलांनी केलेली कापशी घाटाची चप्पल नाहीशी झाली होती, आणि तिचा ठपका मास्तर आजतागायत वधूपक्षावर ठेवतात. वर्षे लोटली, पण दरवेळी हे प्रकरण नव्याने दाखल होते. वकील त्या विषयावर जितका हिरिरीने वधूपक्षाचा बचाव करतो, तितका माझा त्याच्याविषयीचा संशय बळावतो.

वकिलाकडून कामाचे एवढेच निघाले, की कोल्हापुरी चपलेच्या 2019 च्या भौगोलिक मानांकनात महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे आहेत, नोंदणी दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांच्या नावावर आहे, आणि म्हणूनच 2025 मध्ये प्राडाविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेलेली जनहित याचिका टिकली नाही, कारण ज्यांच्या नावावर नोंदणी त्यांनीच दाद मागायची असते. सल्लागाराने हे सगळे लिहून घेतले. तो सगळेच लिहून घेतो.

मग टपरीच्या मावशी बोलल्या. आमच्या कट्ट्यावर बाई बसत नाही, त्यामुळे हा मुद्दा इतक्या उशिरा आणि चहाच्या भांड्यामागून आला, हे नमूद करणे भाग आहे. त्यांचे माहेर याच कामातले. त्यांनी विचारले, "त्या काकांच्या जोडावरची वेणी कोण घालते?" बापू म्हणाला, काकू. "भोके कोण पाडते, शिलाई कोण करते?" तेही बहुतेक काकूच. "मग मास्तरांच्या वह्यांत काकूंचे हात किती पानांवर आहेत?" मास्तर चष्मा पुसू लागले. सत्काराच्या शाली मात्र काकांकडेच येतात, आणि त्या इतक्या झाल्या आहेत की शालींचे दुकान टाकले तर ते चपलांपेक्षा बरे चालेल, अशी पुस्ती बापूने जोडली.

बापूचे म्हणणे ऐकून कुणाला वाटेल की त्याला ही कला बुडालेलीच हवी आहे. तसे नाही. काकांचा नातू शिकायला तयार आहे आणि त्याचा हात चांगला आहे, हे बापू स्वतःच सांगतो. पण 2015 साली बैलाच्या कत्तलीवर बंदी आल्यापासून कातड्याची तंगी झाली. म्हशीच्या कातड्याला मनाई नसली तरी ते आणणारा गाडीवाला रस्त्यात कोण अडवेल या धास्तीत असतो. कोल्हापूरच्या चपलांच्या बाजारात, चप्पल लाइनमध्ये, बाहेरून आलेला यंत्रावरचा माल अस्सल म्हणून शेजारीच टांगलेला असतो. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे, मुलगा चपला करतो म्हटल्यावर त्याला स्थळ येत नाही. "इटलीला शिकून आला तर येईल," बापू म्हणाला. "तीच रापी, तेच कातडे, पण मग तो डिझायनर होईल. हरकत नाही. माझ्या काकाला मात्र इटलीवाल्यांनी तिकडे शिकायला बोलावू नये, शिकवायला बोलवावे, आणि मास्तरांचा असतो तसा पगार द्यावा."

सल्लागार या वाक्याने मनापासून हलला, हे त्याच्या बाजूने सांगितले पाहिजे. आपण सुरुवात स्वतःपासून केली पाहिजे, असे म्हणत त्याने काकांकडून एक जोड करून घ्यायचे जाहीर केले आणि किंमत विचारली.

"आठशे," बापू म्हणाला.

"सहाशे कर की. घरचाच माणूस आहे मी."

"युरो," बापू म्हणाला.

वकिलाला ठसका लागला, त्याच्या कपातला चहा सल्लागाराच्या वहीवर सांडला, आणि चर्मोद्योग महामंडळे, जिल्हे व याचिका सगळे एकत्र पुसले गेले. मास्तर मात्र वादी आणि वेणी यांतला फरक अजून कुणाला तरी समजावून सांगू पाहत होते. मावशींनी चहाचे पैसे मागितले, तेव्हा आज कुणाची पाळी यावरून नवा वाद सुरू झाला.