बुवा, त्या एका भोकात दोन रीड आहेत

नमस्कार बुवा,

तुमचं म्हणणं असं: पेटीची रीड, म्हणजे आतली धातूची कंप पावणारी पट्टी, कानशीनं एका स्वराला बसवलेली असते, तिच्यातून मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) निघत नाही. माउथ ऑर्गनही रीडचाच, तेव्हा ब्लूज हे अमेरिकेतलं कृष्णवर्णीयांचं गाणं वाजवणाऱ्यांचा 'बेंड', म्हणजे सूर वाकवून खाली आणणं, ही निव्वळ जोर लावून बेसूर केलेली रीड. फोंड्याकडच्या देवळांत इतकी वर्षं भजनाला साथ केलेल्या माणसाची ही शंका आहे, तिला नीट उत्तर द्यायला हवं.

आधी जोराचं. बेंड काढायला श्वास 'दमदार ओढा' असं मी आधी लिहिलं होतं. ते चुकलं, मागे घेतो. जोरानं ओढल्यास रीड थकते, सुरातून उतरते, कधी तुटतेही.

पण बेंड जोरातून येत नाही. पांढरी एकचा, म्हणजे पेटीची पांढरी एक हा ज्याचा सा, असा दहा भोकांचा माउथ ऑर्गन घ्या. तिसऱ्या भोकात फुंकलं की प, ओढलं की शुद्ध नी. दोन्ही रीड एकाच कप्प्यात, समोरासमोर. ओढता ओढता जीभ मागे-खाली नेऊन तोंडातली पोकळी मोठी केली, की नी-ची रीड मंदावते आणि प-ची रीड हलू लागते. बेंड खोल गेला की बराचसा आवाज तीच काढते. म्हणून सूर कोमल नी, शुद्ध ध, कोमल ध असा उतरतो आणि प-च्या अलीकडे थांबतो. पेटीत ही जोडी नाही, आणि भात्याला जीभ नाही.

आता चौथं भोक पाहा. फुंकून सा, ओढून रे, म्हणून बेंडला कोमल रे एवढाच. पाचव्यात ग आणि म. मधे स्वरच नाही, तर कितीही ओढा, पुरता अर्धा स्वर उतरत नाही. सातव्यापासून फुंकीची रीड उंच, तर आठव्यापासून बेंड फुंकून निघतो. नुसत्या जोरानं बिघडणाऱ्या रीडनं हा हिशेब पाळला असता का?

जिभेचं काम कळायला शीळ घाला, पण श्वास आत ओढून, आणि उंच सुरावरून खाली या. जीभ जे करते, तेच बेंडमध्ये.

एवढा खटाटोप कशासाठी? ब्लूज वाजवणारे याच माउथ ऑर्गनवर पांढरी पाचला सा धरतात. मग तिसऱ्या भोकातली ओढ शुद्ध ग होते, आणि तिथून कोमल ग-कडे उतरताना मधे कुठेतरी रेंगाळणं, हाच त्या गाण्याचा जीव. दरबारी रागातला आंदोलित (झुलता) गंधार गायक घेतो तेव्हा तुमची बोटं पेटीवर थबकतात ना? तशीच ही जागा.

वरच्या पत्र्यावर तिसऱ्या भोकातल्या फुंकीच्या रीडची फट चिकटपट्टीनं बंद केली, तर नी थोडी कलते, पण तीन पायऱ्या उतरत नाही. पुढच्या भजनाला माउथ ऑर्गन घेऊन येतो. पट्टी तुम्हीच लावा.