सुपरग्लूने गिटार येत नाही

'क्लासला पैसे घालवू नका, ३० दिवसांत घरबसल्या गिटार शिका' असा एक लांबलचक मेसेज फिरतोय. सहा मुद्दे, प्रत्येकापुढे इमोजी, खाली 'जास्तीत जास्त ग्रुपवर पाठवा'. असले मेसेज मी न वाचता वर सरकवतो. पण हा आमच्या घरच्या ग्रुपवर आला आणि माझ्या तेरा वर्षांच्या भाचीने त्यातला दुसरा मुद्दा मनावर घेतला. ताईचा फोन आला, "अरे, ही बोटांना लावायला सुपरग्लू मागतेय. गिटारला लागतो का रे?"

म्हणून आधी त्या दुसऱ्या मुद्द्याचाच समाचार. तो म्हणतो: 'पहिले दहा दिवस बोटांतून रक्त येईपर्यंत वाजवा. रक्त आलं की कापसाने स्पिरिट लावा, वर सुपरग्लूचा थर द्या आणि लगेच पुन्हा वाजवा. जगातले मोठे गिटारवादक हेच करतात.'

यात एक अर्धसत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. स्टीव्ही रे व्हॉन हा अमेरिकन ब्लूज वादक फाटलेल्या बोटांवर सुपरग्लू लावायचा, हे प्रसिद्ध आहे. पण तो पट्टीचा व्यावसायिक होता, पहिली, म्हणजे सर्वांत बारीक तारच ०.०१३ इंचाची लावायचा (इलेक्ट्रिक गिटारवर बहुतेक जण ०.००९ किंवा ०.०१० वापरतात), आणि रात्रीचा कार्यक्रम बुडू नये म्हणून हे उपद्व्याप करायचा. ई मायनरसारखी पहिलीवहिली कॉर्ड (एकत्र छेडायचे सूर) शिकणाऱ्या मुलीचा कुठला कार्यक्रम बुडतोय?

आता कापसाचं. सुपरग्लू म्हणजे सायनोअ‍ॅक्रिलेट. हा पदार्थ सुती कापडावर किंवा कापसावर पडला की त्याची जोरात रासायनिक क्रिया होते आणि चटका बसण्याइतकी उष्णता तयार होते. म्हणजे या महाशयांच्या कृतीत कापसाचे धागे चिकटलेल्या ओल्या जखमेवर नेमका तोच पदार्थ ओतायचा आहे. शेजारी स्पिरिट आहेच. 'डॉक्टरसुद्धा टाक्यांऐवजी ग्लू लावतात' असं ग्रुपवर एका काकांनी लगेच सुनावलं. लावतात. तो वेगळा, जखमेसाठी बनवलेला सायनोअ‍ॅक्रिलेट असतो आणि अमेरिकेत त्याला १९९८ मध्ये मान्यता मिळाली. किराणा दुकानातली दहा रुपयांची ट्यूब चपला चिकटवायला असते.

बोटं दुखतात हे खरं आहे. पहिले काही आठवडे डाव्या हाताच्या बोटांची टोकं हुळहुळतात, मग हळूहळू घट्टे पडतात. पण रक्त येणं ही प्रगतीची खूण नाही. रक्त आलं की चार दिवस गिटार बाजूला ठेवावी लागते, घट्टा पडायचा राहतो आणि कातडी पुन्हा कोवळी होते. दुखलं की थांबायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा बसायचं. मनगटात किंवा कोपरात कळ येत असेल तर तिचा घट्ट्यांशी काहीही संबंध नाही, बसण्याची पद्धत चुकतेय. अंगठा नेकच्या (गिटारच्या लांब दांड्याच्या) मागे हवा आणि बोट फ्रेटच्या (दांड्यावरच्या आडव्या धातूच्या पट्टीच्या) अगदी मागे टेकवायचं, दोन फ्रेटच्या मधोमध नाही. मधोमध दाबलं की जास्त जोर लागतो आणि तार तरीही झणझणतेच.

आणि बहुतेक वेळा दोष बोटांचा नसून गिटारचा असतो, यावर मेसेजमध्ये चकार शब्द नाही. कंपासपेटीतली पट्टी घ्या (स्टीलची, जिचा शून्य अगदी कडेपासून सुरू होतो ती) आणि बाराव्या फ्रेटवर उभी धरा. फ्रेटच्या माथ्यापासून जाड तारेच्या तळापर्यंत अंतर अडीच मिलिमीटरच्या आसपास असावं. चार असेल तर त्या गिटारवर पट्टीच्या वादकाचीही बोटं दुखतील. मग तिसऱ्या फ्रेटवर तार दाबा आणि पहिल्या फ्रेटवर बघा. तिथे तार आणि फ्रेट यांच्यात केसभर फट हवी. ठळक फट दिसली तर नट (दांड्याच्या टोकाची, तारांच्या खाचा असलेली पट्टी) उंच आहे, आणि पहिल्या फ्रेटवरच्या कॉर्ड्स म्हणूनच जीव काढताहेत. मुंबईत आणि कोकणात पावसाळ्यात लाकूड फुगतं, वरची फळी किंचित वर येते आणि तारा आणखी उचलल्या जातात. जानेवारीत बरी वाजणारी गिटार जुलैत हट्टी होते ती यामुळे. दुकानात सॅडल (खालच्या बाजूची, तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) घासून घ्यायची, '१०'चा किंवा '११'चा, म्हणजे पहिली तार ०.०१० किंवा ०.०११ इंचाची असलेला, सेट मागायचा. नट स्वतः घासायला जाऊ नका, एकदा खाली गेला की बदलावाच लागतो. आणि नायलॉन तारांच्या क्लासिकल गिटारवर 'आवाज मोठा येतो' म्हणून स्टीलच्या तारा चढवू नका. स्टीलच्या सेटचा ताण नायलॉनच्या जवळजवळ दुप्पट असतो, ब्रिज (तारा जिथे अडकवतात तो लाकडी ठोकळा) उखडून हातात येतो.

बाकीचे मुद्दे एवढ्या वेळेच्या लायकीचे नाहीत, पण सुरुवात केलीच आहे तर.

'संशोधन सांगतं, १०,००० तास लागतात, म्हणून रोज सलग ४ तास बसा.' वर शीर्षक ३० दिवसांचं! ३० दिवसांत १०,००० तास म्हणजे दिवसाला ३३३ तास. ते असो. हा आकडा जिथून आला ते संशोधन मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांचं, १९९३ सालचं, बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांवरचं. १०,००० ही सर्वोत्तम गटाची वयाच्या विसाव्या वर्षापर्यंतची सरासरी होती, पात्रतेची अट नव्हे, आणि त्याचा असा अर्थ काढणाऱ्यांवर एरिक्सन स्वतः नंतर वैतागले होते. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आहे, जी कुणी फॉरवर्ड करत नाही. ही सर्वोत्तम मुलं सलग घासत बसत नव्हती. तासा-दीड तासाचे तुकडे, मध्ये विश्रांती, आणि दुपारची झोप इतरांपेक्षा जास्त. ही गोष्ट व्हायोलिनमध्ये मुरलेल्या मुलांची. नवशिक्याला वीस मिनिटं सकाळी, वीस संध्याकाळी पुष्कळ झाली. त्यातली पाच मिनिटं फक्त ई मायनरवरून सीवर जायचं आणि परत यायचं, कितीही सावकाश, पण न थांबता.

'४३२ हर्ट्झवर ट्यून करा, ती ऋषिमुनींची कंपनं, ४४० नाझींनी लादलं.' हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं. ऋषिमुनींकडे सेकंद मोजायचं यंत्र नव्हतं, आणि आपल्या संगीतात सा कधी एका जागी खिळलेलाच नाही. गाणाऱ्याचा गळा पाहून कुणी काळी एक घेतो, कुणी पांढरी चार. ४४० वर १९३९ मध्ये लंडनच्या परिषदेत अनेक देशांचं एकमत झालं, पुढे ते आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचं मानक झालं. तुम्ही ४३२ वर लावलीत तर एवढंच होईल, की व्हिडिओतल्या शिक्षकापेक्षा आणि शेजारच्या मित्रापेक्षा तुमची गिटार अर्ध्या सुराच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याने उतरलेली राहील आणि तुम्हाला वाटेल आपला कानच बिघडलाय. ट्यूनर अ‍ॅप ४४० वर ठेवा.

'जी, डी, ई मायनर, सी या चार कॉर्ड्सवर सगळी गाणी वाजतात, स्केल (ओळीने येणारे सूर) ही क्लासवाल्यांची पैसे काढायची युक्ती.' पहिल्या वाक्यातलं 'सगळी' काढून 'पुष्कळ' घाला, मग भांडण नाही. कॅपो (सगळ्या तारा एका फ्रेटवर दाबून धरणारा चिमटा) लावला की गाण्याची कुठलीही पट्टी मिळते आणि शाळेच्या गॅदरिंगपुरती सोय होते. पण यमन रागाच्या अंगाचं एखादं भावगीत घ्या. सा जीवर ठेवला तर सी म्हणजे शुद्ध मध्यम. गाणं चाललंय तीव्र मध्यमावर आणि खाली गिटार शुद्ध मध्यम ठणकावतेय. तिथे सीऐवजी ए मेजर का चालेल, हे चार आकार पाठ करून कळत नाही, त्याला स्केलच लागते.

ती काही भयंकर गोष्ट नाही. पाचव्या तारेच्या (बारीक तारेपासून मोजून) तिसऱ्या फ्रेटवर सा. चौथी तार मोकळी रे, दुसऱ्या फ्रेटवर ग, तिसऱ्यावर म. तिसरी तार मोकळी प, दुसऱ्या फ्रेटवर ध. दुसरी तार मोकळी नि, पहिल्या फ्रेटवर वरचा सा. झाली सी मेजर, म्हणजे आपला बिलावल. यातला म आणि नि गाळा, भूप. त्यालाच तिकडे मेजर पेंटाटॉनिक म्हणतात. सा-ग-प एकत्र छेडा, सी कॉर्ड. रे-म-ध, डी मायनर. ध-सा-ग, ए मायनर. पेटीवर चार दिवस बसलेल्या माणसाला हे एका संध्याकाळी समजतं.

शेवटचा मुद्दा, 'बोटं आखूड किंवा जाड असतील तर नाद सोडा.' १९२८ मध्ये जँगो राइनहार्ट या गिटारवादकाच्या राहत्या गाडीला आग लागली आणि त्याच्या डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी जवळजवळ निकामी झाली. पुढचं वादन तो मुख्यतः उरलेल्या दोन बोटांवर करायचा, आणि युरोपातल्या जॅझ गिटारवाल्यांमध्ये आजही पहिलं नाव त्याचंच निघतं. भाचीची दहाच्या दहा बोटं शाबूत आहेत, ग्लूशिवाय. तिचं घोडं अडलंय एफ कॉर्डवर, जसं सगळ्यांचं अडतं. तोवर पहिली तार मोकळी सोडायची, दुसरीवर पहिला फ्रेट, तिसरीवर दुसरा, चौथीवर तिसरा, जाड दोन तारांना हात लावायचा नाही. याला एफ मेजर सेव्हन म्हणतात आणि बहुतेक गाण्यांत एफच्या जागी खपून जातो. बार लावायच्या (एकाच बोटाने सगळ्या तारा दाबायच्या) एफचं दिवाळीनंतर बघू, असं तिला सांगितलंय.